ओगराळं किती उंच धरायचं?

(तालुक्यातल्या सगळ्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांना खुलं पत्र)

समितीतल्या भावांनो आणि ताईंनो, नमस्कार.

तुम्ही मला ओळखता. वर्षातून एकदा वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि डोळे तपासायचा तक्ता घेऊन तुमच्या शाळेत गाडीतून उतरणारं एक पथक असतं, त्यातली मी डॉक्टर. गाडीच्या काचेवर ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ असं लिहिलेलं असतं, पण गावात आम्हाला ‘वजनवाले’ म्हणतात आणि तेच नाव मला आवडतं. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला फिरतेय त्याला अकरा वर्षं झाली. पहिलीत ज्यांची उंची मोजली ती पोरं आता बारावीला आहेत, काही जिनिंगमध्ये कामाला लागली, दोघीतिघींच्या पोरांची वजनं मी अंगणवाडीत घेते.

हे पत्र वर न पाठवता तुम्हाला लिहिण्याचं कारण साधं आहे. वर पाठवलेलं पत्र आवक रजिस्टरात जातं आणि तिथेच राहतं. मुख्याध्यापकांची बदली होते, माझंही कंत्राट दरवर्षी नव्यानं होतं. तुम्ही मात्र गावातच असता. शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ च्या, तुमच्या समितीत पाऊण हिस्सा पालक ठेवले आणि निम्म्या जागा बायांना दिल्या. वंचित घरांतल्या पालकांनाही त्यांच्या संख्येप्रमाणे जागा द्यायला सांगितलं. त्या पालकांची सही घ्यायला रजिस्टर शिपायाच्या हाती पोडावर (कोलामांच्या पाड्यावर) आणि बेड्यावर (पारध्यांच्या वस्तीवर) जातं, हे मी पाहिलंय. मीटिंग झालेली असते, अंगठा तेवढा राहिलेला असतो.

गावाचं आणि शाळेचं नाव मी लिहिणार नाही. पोरं कोणत्या जातीची तेही नाही. लिहिलं की तुम्ही लगेच म्हणाल, “अरे, ते त्यांच्याकडचं आहे,” आणि पत्र तिथेच मिटेल.

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळची शाळा सुरू व्हायची होती, त्यामुळे पूर्ण दिवस भरत होता आणि दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. सातवीतली एक मुलगी रांगेत आली. सिकलसेलची रुग्ण, एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, आजार असलेली. कार्ड दप्तरात होतं, नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. डोळ्यांत पिवळेपणा, गुडघे दुखतात, कंबर दुखते, त्या सत्रात एकोणीस दिवस गैरहजर. वर्गशिक्षकांनी हजेरीपट दाखवून सांगितलं, “मॅडम, हिला दुखायला काहीतरी लागतंच.”

सिकलसेल काय असतं हे विदर्भात सांगायला लागू नये, पण लागतं. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की पुढे रक्त जात नाही, आणि मग जी कळ उठते तिला पोरं “हाडात कोणी खिळे ठोकते” म्हणतात. ही कळ कशानं उठते? तापानं, थंडीनं, अतिश्रमानं, मनावरच्या ताणानं. आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं. म्हणून आम्ही प्रत्येक एसएस मुलाच्या घरी गोळ्यांबरोबर एक गोष्ट बजावतो: दिवसभर, तहान लागायची वाट न पाहता, थोडं थोडं पाणी पीत राहा.

मी तिला विचारलं, शाळेत किती पाणी पितेस?

“शाळेत नाई पेत जी.”

“काहून वं?”

“असंच. घरून पेऊन येतो. मंग घरी गेल्यावर.”

तिची वस्ती शाळेपासून तीन किलोमीटर. ती साडेनऊला निघते आणि संध्याकाळी साडेपाचला पोचते. मार्चच्या विदर्भात आठ तास, एक घोट नाही, आणि रक्तात सिकलसेल.

मधली सुट्टी झाली तेव्हा मी औषधांची पेटी आवरायच्या निमित्तानं व्हरांड्यातच थांबले. कोपऱ्यात लाकडी तिवईवर माठ, भिंतीच्या खिळ्याला लांब दांड्याचं ओगराळं. पाणी वाढायची ड्युटी आठवीतल्या एका मुलीची होती, चांगली हसरी, हुशार पोरगी. गावातली मुलं आपापला ग्लास पुढे करत होती. ओगराळं ग्लासाच्या काठाला टेकत होतं, एकदोघांनी तिच्या हातून घेऊन स्वतःच बुडवलंही. मग वस्तीवरचा एक लहान मुलगा आला. त्यानं ग्लास आणलाच नव्हता, त्यानं सवयीनं ओंजळ केली. ओगराळं वर गेलं. वीतभर नाही, चांगलं हातभर. पाण्याची धार त्याच्या ओंजळीत पडली, निम्मी कोपरावरून खाली गेली, शर्ट भिजला. तो गेल्यावर तिनं ओगराळं विसळलं आणि पुढच्याला पाणी दिलं. कुणी कुणाला काही बोललं नाही. माझी सातवीतली पेशंट पलीकडे खांबाला टेकून उभी होती, माठाकडे पाठ करून.

त्या आठवीतल्या पोरीला मी दोष देत नाही. ओगराळं किती उंच धरायचं हे तिला कुणी शिकवलं नसेल, तिनं ते घरी पाहिलं असेल. पाच मिनिटांनी मला ऑफिसात पाणी आलं. ट्रेमध्ये, स्टीलच्या ग्लासात, वर झाकणी. तसं ते नेहमीच येतं. नव्या शाळेत कधी कधी आधी एक प्रश्न येतो, “मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न गावाचा नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही. मी “वर्धेची” म्हणते आणि पाणी पिते.

त्या दिवशी मी कार्डावर काय लिहिलं? सिकलसेल, रक्त कमी, पुढे पाठवलं. आमच्या कार्यक्रमात चार गट आहेत: जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब. २०१३ साली पालघरला याची सुरुवात झाली तेव्हा त्यात तीस आजार-स्थिती ठरवलेल्या होत्या. फाटलेल्या ओठापासून कुजलेल्या दातापर्यंत सगळ्याला रकाना आहे. ओगराळं हातभर वर गेलं, याला रकाना नाही. म्हणून सरकारच्या कागदावर ती मुलगी पाणी न प्यायल्यानं आजारी नाहीच. ती नुसती आजारी आहे. तुमच्या हजेरीपटावर ती गैरहजर आहे. आणि वर्षाच्या शेवटी निकालपत्रात ती ‘अभ्यासात मागे’ असेल.

हा रकाना फक्त आपल्याकडेच राहिला असं नाही. लहानपणच्या वाईट अनुभवांचा मोठेपणीच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, यावरचा एक गाजलेला अभ्यास १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सॅन दिएगोतल्या हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, छळ, घरात दारू, आईला होणारी मारझोड, असं जितकं जास्त वाट्याला आलेलं, तितकी पुढे हृदयविकार, नैराश्य, व्यसनं यांची शक्यता वाढत गेलेली दिसली. पण ती सगळी यादी घराच्या चार भिंतींतली होती. वर्णावरून मिळालेली वागणूक, शाळेत होणारी छळवणूक, असुरक्षित वस्ती हे प्रश्न पुढे फिलाडेल्फियात केलेल्या पाहणीत घातले गेले. म्हणजे उंबऱ्याबाहेरचं दुखणं मोजायचं असतं हे तिथेही उशिरा सुचलं.

तुमच्यातले काही म्हणतील, त्यात काय एवढं, आम्हीही लहानपणी बोलणी खाल्ली, मेलो का? मला हे एका अध्यक्षांनी खरंच विचारलं होतं. त्यांना मी माणसं मारणाऱ्या टी-वन वाघिणीची आठवण करून दिली. २०१८ चं वर्ष. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या माणसांना ते सांगायला नको. कापूस वेचायला बाया एकट्या जात नव्हत्या, माणसं टोळीनं, डबे वाजवत शेतात जायची, जागलीला कुणी तयार नव्हतं. नोव्हेंबरात ती वाघीण मारली गेली तोवर किती जणांना ती प्रत्यक्ष दिसली होती? फार थोड्यांना. पण झोप सगळ्यांची उडाली होती. पऱ्हाटीत पाला हलला तरी छाती धडधडायची, जेवण जात नव्हतं, रक्तदाब वाढलेल्यांची रांग लागायची.

असं सतत सावध राहिलं की अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढं राहतं. तेवढ्यापुरतं ते कामाचं असतं, पळायला बळ देतं. महिनोन् महिने चढं राहिलं तर झोप बिघडते, प्रतिकारशक्ती घटते, लक्षात राहत नाही, पोट बिघडतं. मोठ्या माणसाचं हे होतं. दहा ते एकोणीस या वयात तर मेंदू अजून घडत असतो, उंची वाढत असते, पाळी नुकतीच सुरू झालेली असते. त्या सातवीतल्या मुलीला काही रोज कुणी टोचून बोलत नाही. पण आज कोण बोलेल, कुठे उभं राहायचं, ग्लास कुणाच्या बाजूला ठेवायचा, याचा हिशेब तिला रोज करावा लागतो. तिची वाघीण मेलेली नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. तीनेक वर्षांपूर्वी पहिलीतला एक कोलाम आदिवासी मुलगा समोर आला. येण्याआधीच मला सांगून झालं होतं, “मॅडम, हा मठ्ठ आहे, तोंड उघडत नाही.” मी नाव विचारलं. गप्प. गायीचं चित्र दाखवलं, माठाचं दाखवलं. गप्प. रांगेत अजून ऐंशी पोरं होती. मी ‘बोलण्यात विलंब’वर खूण केली आणि जिल्ह्याच्या तपासणी केंद्राकडे चिठ्ठी लिहिली. ठरलेल्या दिवशी त्याची आजी त्याला घेऊन आली, कापसाच्या वेच्याची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून. मी कामानिमित्त तिथेच होते. बाहेरच्या बाकावर तो पोरगा आजीला काहीतरी सांगत होता, हातवारे करून, न थांबता, कोलामीत. मी थबकले तशी आजी हसून म्हणाली, “घरी तं हा चूपच बसत नाई मॅडम. दिवसभर टरटर टरटर.”

कोलामी ही मराठीची बोली नाही. ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली वेगळी भाषा आहे. सहा वर्षांच्या त्या मुलाला मी परक्या भाषेत प्रश्न विचारले आणि त्याच्या मेंदूत खोट काढली. ‘मठ्ठ’ हा शब्द मी उच्चारला नव्हता, पण माझं पेन त्याच शब्दावर चाललं. आता कोलाम पोडावरची मुलं असली की मी पोडावरच्याच एखाद्या मोठ्या मुलीला शेजारी बसवते. पाच मिनिटं जास्त लागतात.

आता वर्गात दर जुलैत होणाऱ्या एका गोष्टीबद्दल. शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, उपस्थिती भत्ता, काहीही आलं की सर उभे राहून म्हणतात, “एससी-एसटीवाले उभे राहा.” पोरं उभी राहतात. यात कुणाचा वाईट हेतू नाही, मोजायला सोपं पडतं. पण कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत नेमकं हेच तपासलं होतं. सहावी-सातवीची मुलं, वरच्या मानलेल्या जातींची ३२१ आणि खालच्या मानलेल्या जातींची ३२१. त्यांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. मग दुसऱ्या गटांत खेळाआधी प्रत्येकाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, आणि त्यातल्या खालच्या म्हटलेल्या जातींच्या मुलांचे सुटलेले भुलभुलैये लक्षात येण्याइतके घटले. मेंदू तोच, कागद तोच, मध्ये आली फक्त घोषणा. तुमच्या शाळेत ही घोषणा जुलैत होते आणि घटक चाचणी ऑगस्टात असते.

फॉर्म दप्तरात घालून घरी पाठवता येतो, किंवा पालकसभेत पालकाच्या हातात देता येतो. जास्तीत जास्त दोन दिवस उशीर होईल.

सगळं जातीवरच येऊन थांबतं असंही नाही. एका शाळेत चौथीतल्या मुलाला पोरं ‘अपात्र’ म्हणून हाक मारत होती. मला आधी कळेना. मग कळलं, बापानं आत्महत्या केलेली, मदतीसाठी केस तहसीलला गेली आणि अपात्र ठरली. एक लाख तर आलेच नाहीत, कागदावरचा शब्द तेवढा पोरांच्या तोंडी आला. त्याच शाळेनं त्याला दोन वर्षं पंधरा ऑगस्टला स्टेजवर बोलावून वह्या दिल्या, माईकवर ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी’ असं म्हणून, फोटोसह. देणाऱ्याचं मन चांगलंच होतं. पोरगा रात्री अंथरूण ओलं करतो म्हणून आई माझ्याकडे आली होती. नऊ वर्षांचा, आणि हे बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, पहिल्या पंधरा ऑगस्टनंतर सुरू झालेलं.

बेड्यावरच्या पारधी मुलांबद्दल एवढंच सांगते: वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर कुणाचं उघडतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. १८७१ साली इंग्रजांनी त्यांच्यासारख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि १९५२ साली तो रद्द झाला. दप्तराची झडती अजून चालू आहे.

आणि संडासची किल्ली. ती ऑफिसातल्या खिळ्याला असते आणि मागायला सरांकडे जावं लागतं. म्हणून आठवी-नववीच्या मुली, कुठल्याही जातीच्या, दुपारनंतर पाणी पीत नाहीत. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी मी सगळ्यात जास्त त्याच शाळांत लिहिते. पुढे लिहायची गरज नाही.

तुम्ही म्हणता, आणि मी तुमच्यातल्याच एकाचे शब्द देते, “मॅडम, आपल्या गावात तसलं काई नाई. सगळे पोरं एकाच टाटपट्टीवर बसते.” बसतात, मी पाहिलंय. बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं आणि शिपाई असेल तरच वरून पाणी मिळालं. तिथून आपण टाटपट्टीपर्यंत आलो, हे खरंच मोठं आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीला दरवर्षी या भागातून किती गाड्या जातात तेही मला ठाऊक आहे. पण टाटपट्टी एक झाली आणि ओगराळं तसंच राहिलं.

आता मागणं. फार नाही. माठ काढून नळाच्या चार तोट्यांची टाकी बसवा, म्हणजे वाढणारा हात मध्ये उरत नाही. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित निधी येतो, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. सरपंच, ग्रामसेवक समितीच्या बैठकीला बोलवायला लागतात, बोलवा. टाकी येईपर्यंत प्रत्येकाचा स्वतःचा ग्लास आणि स्वतःच्या हातानं पाणी. केरळातल्या काही शाळांत पाण्यासाठी वेगळी घंटा वाजते, घंटा झाली की सगळा वर्ग एकदम पाणी पितो. आपल्याकडे पितळी घंटा आहेच, दिवसातून तीन वेळा जास्त वाजवायची. सगळे एकदम पितात तेव्हा न पिणारं पोर लगेच दिसतं. संडास झाडायची पाळी आणि पाणी भरायची पाळी हजेरी क्रमांकानं लावा, आणि ती यादी भिंतीवर चिकटवा. आता ती कुठल्याच भिंतीवर नाही, तरी कोण झाडतं आणि कोण भरतं हे सगळ्या पोरांना पाठ आहे. सिकलसेलच्या मुलांना कवायतीतून सूट द्या, वर्गात बाटली ठेवू द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार धरला आहे, बोर्डाच्या परीक्षेत त्यांना जादा वेळही मिळतो, हे त्यांच्या आईबापांना तुमच्याकडून कळू द्या.

आणि पोडावरच्या, बेड्यावरच्या सदस्याकडे रजिस्टर पाठवू नका. बैठक एकदा तिकडेच घ्या. तिथलं पाणी प्या. ते कशातून देतात आणि तुम्ही कसं घेता, हे पोरं बघतीलच.

सिकलसेलची ती मुलगी आता आठवीत आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा मी फोन करून हजेरी विचारली, तर म्हणाले येतेय, बाटली घेऊन येते. बाटली तिच्या मामानं घेऊन दिली, एक लिटरची. साडेबाराला संपते, असं ती मला म्हणाली. मग?

“मंग काई नाई.”

आमचं पथक तुमच्याकडे पोळा झाला की येईल. तारीख मुख्याध्यापकांना कळवतेच. माझ्यासाठी ट्रे काढू नका. गाडीतली बाटली मी गाडीतच ठेवणार आहे आणि मधल्या सुट्टीत रांगेत, वस्तीवरच्या पोरांच्या मागे, हातात ग्लास न घेता उभी राहणार आहे.

तुमची,
तपासणी पथकातली डॉक्टर